चाकाचा आवाज लिहून पाठव

४ फेब्रुवारी

बाबा,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, घरात सगळे धडधाकट आहेत. आजारी आहे ती तुमची मोटारसायकल.

परवा फोन केला होता. तुम्हाला ऐकू जाईना म्हणून ताई मध्ये पडल्या. मी म्हटलं, "मागचा ड्रम तापतोय." ताईंनी तुमच्यापर्यंत काय पोचवलं कोण जाणे, तुम्ही तिकडून ओरडून विचारलंत, "डॉक्टरला दाखवलं का?" मोबाईलवरची अक्षरं तर तुम्हाला मुंग्या दिसतात. म्हणून म्हटलं, सरळ कागद-पेन घ्यावं.

गाडी ओढत नाही. टेकडीच्या चढावर तिसऱ्या गिअरातही धापा टाकते. पेट्रोल पिते. वरच्या पाण्याच्या टाकीपाशी पोचेपर्यंत मागच्या चाकातल्या ब्रेकच्या ड्रमला करपल्याचा वास यायला लागतो. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने ब्रेकचे शू नवे घातले. थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आता तो म्हणतो इंजिन बसलंय, भंगारात घाला. "वहिनी, सासऱ्यांची आठवण किती दिवस ओढत फिरणार?" असंही म्हणाला. माझा राग अजून गेलेला नाही.

वरच्या टाक्यांची लाईन माझ्याकडे आहे हे तुम्हाला माहीतच आहे. रोज वर जायचं, व्हॉल्व्ह फिरवायचे, गळती बघायची, खाली यायचं. पाणीपुरवठ्यात ही लाईन आजवर कुठल्या बाईला दिली नव्हती. गेल्या महिन्यात दोनदा मला उशीर झाला आणि खालच्या गल्ल्यांना पाणी उशिरा गेलं. साहेब म्हणाले, "गाडीची ही तऱ्हा राहिली तर तुम्हाला तक्रारीच्या टेबलावर बसवतो, लाईन दुसऱ्याला देतो." टेबलाच्या डोक्यावर पंखा आहे, चहा जागेवर येतो. मला नको आहे.

तुमचे चिरंजीव, म्हणजे आमचे मास्तर, शाळेत मुलांना चित्रकला शिकवून येतात आणि गाडीला लांबूनच हात जोडतात. तुम्ही लेकीकडे, ताईंकडे राहायला जाताना चावी त्यांच्या नाही, माझ्या हातात ठेवलीत. म्हणून तुम्हालाच विचारते. काय करू?

तुमची सून


९ फेब्रुवारी

सूनबाई,

त्या गॅरेजवाल्याला माझा नमस्कार सांग आणि पुन्हा गाडीला हात लावू देऊ नकोस. इंजिन बसलं असतं तर त्यानं धूर ओकला असता. धुराबद्दल तू अक्षर लिहिलेलं नाहीस. ओढत नाही, पेट्रोल पिते, ड्रम करपतो, या तिन्हींचं मूळ एकच. पाय काढल्यावरही मागचा ब्रेक सुटत नाही. तू पुढे जायला बघतेस आणि तो तुझा पदर धरून बसलाय.

पण मी इथून म्हणतो म्हणून खरं मानू नकोस, तपासून बघ. सपाट रस्त्यावर थोडी चालव, मागचा ब्रेक अजिबात वापरू नकोस, पुढच्यानंच थांब. उतरलीस की मागच्या ड्रमवर पाण्याचा थेंब टाक. थेंब नाचला तर हात लावू नकोस, भाजशील. मग गाडी गार झाली की मधल्या स्टँडवर घे, न्यूट्रल कर आणि मागचं चाक हातानं फिरव. सुटतं की अडतं? पायडल दाबून सोड, परत फिरव. फरक पडतो का? ड्रमच्या बाहेर जो लिव्हर आहे, ज्याला पायडलकडून आलेला रॉड लागतो, तो पायडल सोडल्यावर पूर्ण मागे येतो का ते डोळ्यांनी बघ.

आणि चाक फिरताना आवाज कसा येतो तो लिहून पाठव. 'घासल्यासारखा' वगैरे मोघम नको. कानावर पडेल तसाच लिही. एका जागी येतो की सगळ्या फेरीत, तेही.

मला इथं काही काम नाही. गॅलरीत बसतो, पेपर वाचून झाला की उलटा करून परत वाचतो. तेव्हा उत्तराला उशीर लावू नकोस.

बाबा


१४ फेब्रुवारी

बाबा,

थेंब नुसता नाचला नाही, चर्र करून उडूनच गेला. पुढच्यानं थांबूनही पुढचा ड्रम जेमतेम कोमट होता. म्हणजे गॅरेजवाला खोटा, तुम्ही खरे.

आता आवाज. चाक हातानं फिरवलं तर सुर्रर्र, सुर्रर्र, सगळ्या फेरीत सारखा, कुठे ठेच नाही. दीड फेरीत थांबतं. पायडल दाबून सोडलं आणि फिरवलं, तर नुसतं चिर्र, आणि जागच्या जागी थांबलं. लिव्हर पूर्ण मागे आलेला नव्हता, अर्ध्यातच उभा होता. मी तो अंगठ्यानं मागे ढकलला. टक्. आणि चाक सुटलं बाबा, सुं सुं सुं करत कितीतरी वेळ फिरत राहिलं.

'सुर्रर्र'मध्ये र जास्त झालेत असं मास्तरांचं म्हणणं. मी म्हटलं, तुम्ही खाली बसून ऐका आणि मोजा. बसले, पँटला तेल लागलं, आणि आता म्हणतात अजून एक र हवा होता.

तुमची सून


१९ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझं पत्र वाचलं, आणि मला चाक ऐकू आलं. थट्टा करत नाही. ताईनं दार वाजवलेलं मला कळत नाही, कुकरची शिट्टी कळत नाही, पण तुझं ते 'टक्' वाचलं आणि मानेवर काटा आला.

तुला कधी बोललो नाही. मी गॅरेज बंद केलं ते वय झालं म्हणून नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून मी दुखणं सांगायचो. माणसं लांबून यायची, उस्ताद म्हणायची. मग एक दिवस मूठ कानाला लावली आणि आत काहीच नव्हतं. बंद गाडी आणि चालू गाडी मला सारखीच. त्या दिवशी शटर ओढलं ते ओढलंच. इथं खाली कोणाची गाडी अडली तर मी गॅलरीतून आत येतो.

असो. दुखणं सांगतो. लिव्हरच्या पोटात एक जाड पिन असते, ती आत फिरली की शू ड्रमला लागतात. ती पिन कोरडी पडून तिच्या भोकात जाम झालीय. पाय दाबला की जोर असतो म्हणून फिरते, परत यायला मात्र तिच्याकडे फक्त स्प्रिंगची ताकद, ती अपुरी पडते. नवे शू घातले काय, सोन्याचे घातले काय, ती सुटणार नाही.

चाक काढ. लिव्हर काढण्याआधी लिव्हर आणि पिन दोन्हींवर मिळून एक ओरखडा मार, नाहीतर बसवताना चुकशील. पिन बाहेर काढून बारीक पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घास, भोक रॉकेलच्या फडक्यानं पूस. मग ग्रीस, पण नखावर मावेल इतकंच. शूवर त्याचा डाग पडला तर ब्रेक लागायचाच नाही, आणि तो आजार याहून वाईट.

तुला जमेल. चावी कोणाच्या हातात ठेवायची हे मी उगाच ठरवलं नव्हतं.

बाबा


२५ फेब्रुवारी

बाबा,

पिन काढली. स्वयंपाकघरात पेपर पसरून बसले होते. बाहेर येताना ती रडत आली आणि निघाली ती तांबडी लाल. घासून आरशासारखी केली, लिव्हर खुणेवर बसवला. आता पायडल सोडलं की लिव्हर सपकन मागे येतो. स्टँडवर चाक इतकं मोकळं फिरतं की मास्तरांनी त्याचं चित्र काढलं.

पण रस्त्यावर अजून तापतंय. पहिल्याइतकं नाही, वास कमी आहे, पण टेकडी चढून गेले की ड्रमवर हात ठेववत नाही. परत आणून स्टँडवर बघावं तर चाक मोकळं. आता काय बघू?

माझे हात ग्रीसचे आहेत, म्हणून मी सांगते आहे आणि मास्तर लिहून घेत आहेत.

तुमची सून


२८ फेब्रुवारी

सूनबाई,

आधीचं पत्र तू ग्रीसच्या हातानंच लिहिलं होतंस. कडेला अंगठा उठलाय. या वेळचा कागद स्वच्छ आणि अक्षर माझ्या मुलाचं. हाताला काय झालंय ते मी विचारत नाही, मला कळलं. उतारावर चाक धरलं आणि पडलीस.

गाडी विकून टाक. भंगारात घाल. मी पिन सांगितली, ती केलीस, तरी तापते. म्हणजे माझं चुकलं. कान गेले तेव्हा बाकीचंही गेलं असेल, मला उगाच वाटत होतं शाबूत आहे. मी इथं खुर्चीत बसून शहाणपण पाजळायचं आणि तिथं तू हाडं मोडून घ्यायची, हे चालणार नाही.

साहेब टेबल देत असतील तर टेबल घे. पंख्याखाली बस. रागावून लिहीत नाही, भिऊन लिहितोय.

बाबा


५ मार्च

बाबा,

हे अक्षर माझं आहे, बघून घ्या. जरा वाकडं येतंय.

पडले. तुम्ही ओळखलंत. पिन घासायच्या आधी नाही, नंतर. शेवटच्या वळणावर मागचं चाक एकदम धरल्यासारखं झालं आणि मी कडेच्या खडीत गेले. हाड शाबूत आहे, मनगट मुरगळलं. तुम्हाला लिहिलं नाही कारण तुम्ही नेमकं हेच लिहिणार हे मला ठाऊक होतं. गाडी विकणार नाही, टेबलही घेणार नाही. आता पुढचं नीट वाचा.

मनगट बांधलेलं, म्हणून गाडी अंगणातून आत घ्यायला मास्तरांना सांगितलं. ते हँडल धरून ढकलायच्या ऐवजी चक्क वर जाऊन बसले. म्हणाले, "तू मागून ढकल, मी वळवतो." मी खांदा लावला. गाडी हलेना.

"ब्रेकवरचा पाय काढा," मी म्हटलं.

"दोन्ही पाय जमिनीवर आहेत. हे बघ."

खरंच होते. "उतरा बघू," मी म्हटलं. उतरले. मी एका हातानं ढकलली, तर गाडी आपली आपण पायरीपर्यंत गेली.

"परत बसा."

"तुझं काय चाललंय?"

"बसा हो."

बसले, गाडी जड. उतरले, हलकी. मग मी खाली वाकून पायडल हातानं दाबून बघितलं. गाडी रिकामी असताना पायडल अंगठाभर सैल खाली जातं आणि मग ब्रेक लागायला लागतो. मास्तर वर बसले की सैलपणा औषधालाही नाही, रॉड तारेसारखा ताणलेला. म्हणजे कोणी पायडलला हात न लावता ब्रेक लागलेलाच. घरमालकीणबाई दारातून बघत होत्या, त्यांनाही मागे बसवलं. त्या बसल्याबरोबर गाडीनं जमीनच धरली. बाईंना वाटलं हे त्यांच्या वजनावर बोलणं आहे. त्यांची समजूत घालण्यात संध्याकाळ गेली.

मग मला सुचलं ते असं. माणूस बसला की मागची बाजू खाली दबते. दबली की पायडल आणि चाक यांच्यातलं अंतर बदलतं आणि रॉड ओढला जातो. हे थोडंफार होतच असणार, पण इतकं का? हिवाळ्यात गॅरेजवाल्यानं मागचे दोन्ही शॉकअप बदलले होते. ब्रेकशी त्यांचा काय संबंध, म्हणून मी तुम्हाला लिहिलंच नाही. जुने जिन्याखाली पडले होते. मास्तरांनी एक आणून नव्याच्या शेजारी धरला. नवे बुटके आहेत बाबा, चांगले दोन बोटं. दुसऱ्या कुठल्या गाडीचे असावेत, आणि नरमही आहेत. मी बसले, पाठीमागे पान्यांची पेटी, व्हॉल्व्हची लोखंडी चावी, की गाडी पार खाली बसते. चढावर सगळं वजन मागे येतं, तेव्हा तर विचारूच नका.

तुम्ही मला सगळं स्टँडवर बघायला सांगितलंत. स्टँडवर गाडीवर कोणी बसलेलं नसतं. तिथं ती शहाण्यासारखी वागते.

तुमची पिन चुकलेली नव्हती. दोन दुखणी एकावर एक बसली होती. वरचं तुम्ही काढलंत, म्हणून खालचं मला दिसलं. आता सांगा, मी बरोबर आहे का? पुढच्या आठवड्यात साहेब स्वतः लाईन बघायला येणार आहेत.

तुमची सून


९ मार्च

सूनबाई,

बरोबर आहेस. शंभर टक्के.

गाडीवर माणूस बसवून ब्रेक बघायचा, हे मला सुचायला हवं होतं. सुचलं नाही. तुला सुचलं. याचं मला वाईट वाटायला हवं, पण तुझी नणंद म्हणते की मी सकाळपासून मिशीत हसतोय. तिला पत्र वाचून दाखवलं. तिला काही कळलं नाही, पण घरमालकीणबाईंचं आलं तिथं ती हसली. मग जावईबापूंना वाचून दाखवलं. पेपरवाल्याला थांबवून दाखवणार होतो, त्याला घाई होती.

आता नीट ऐक. बुटके शॉकअप काढ. जुन्यांच्या लांबीचेच आण, दुकानात जुना बरोबर ने आणि शेजारी उभा करून बघ, दुकानदार म्हणतो म्हणून घेऊ नकोस. बसवल्यावर रॉडच्या टोकाचा नट सैल कर आणि गाडीवर जास्तीत जास्त जेवढं वजन जायचं तेवढं बसवून पायडलचा सैलपणा ठेव. मग सगळ्यांना उतरवून एकटी चालव आणि ब्रेक वेळेवर लागतो ना ते मोकळ्या रस्त्यावर, हळू वेगात, पुन्हा पुन्हा बघ. सुटणारा ब्रेक पाहिजे, पण न लागणारा नको. मनगट पूर्ण बरं झाल्याशिवाय टेकडी नाही. हे मात्र सासरा म्हणून सांगतोय.

मागच्या पत्रात मी टेबलावर बस म्हणालो होतो. ते वाक्य खोड.

बाबा


१७ मार्च

बाबा,

वाक्य खोडलं. मनगट बरं झालं, पट्टी काढली.

शॉकअप मिळाले. दुकानदार "हे चालतात हो सगळ्यांना" म्हणत होता, मी जुना काउंटरवर उभा केला, तो आत जाऊन दुसरे घेऊन आला. मी आणि मास्तरांनी मिळून बसवले. 'मिळून' म्हणजे त्यांनी दिवा धरला, पण दिवा या वेळी योग्य जागी धरला. ब्रेकचा सैलपणा जुळवताना घरमालकीणबाई स्वतःहून येऊन बसल्या. म्हणाल्या, "माझ्याशिवाय तुमचं होत नाही."

काल साहेब आले. त्यांची जीप खालच्या टाकीपर्यंतच जाते, पुढचा रस्ता अरुंद. त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं.

"ही दोघांना वर नेईल?"

"नेईल."

"मागच्या महिन्यात तुम्ही हिच्यावरून पडलात असं कळलं."

"पडले. का पडले ते मला सापडलं. आता ते नाही."

साहेब अंगानं भरलेले आहेत. बसले तेव्हा मागची बाजू दबली आणि माझं लक्ष सगळं ब्रेकच्या पायडलवर. पण गाडी निघाली, बाबा. तिसऱ्या गिअरात, न धापा टाकता. मी ज्या वळणावर पडले होते तिथं मी हँडल गच्च आवळलं, हे तुम्हालाच सांगते. गाडीला काही आठवत नव्हतं. ती वळली आणि वर गेली.

वरच्या टाकीपाशी उतरल्यावर मी म्हटलं, "साहेब, मागच्या ड्रमला हात लावून बघा."

"कशाला? भाजेल."

"लावा तरी."

त्यांनी आधी एक बोट लावलं, मग पूर्ण तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "कोणी केलं?"

"मी. सासऱ्यांनी पत्रातून सांगितलं आणि मी केलं. शेवटचं मी शोधलं."

आधी मी नुसतं 'सासऱ्यांनी सांगितलं' एवढंच म्हणणार होते. मग वाटलं, का म्हणून? जे मी शोधलं ते मी शोधलं. तोंडानं बोलून टाकलं आणि बरं वाटलं.

साहेब टाकीला फेरी मारून आले, व्हॉल्व्ह बघितले, गळती कुठे नाही ते बघितलं. उतरताना मागून म्हणाले, "टेबलावर दुसरं कोणीतरी बसवू." बास, एवढंच. मी मागे वळून बघितलं नाही, उतारावर बघायचं नसतं. पण आरशात मला माझंच तोंड दिसत होतं आणि ते आवरत नव्हतं.

आज सकाळी पाणी वेळेच्या आधी गेलं. खालच्या गल्लीतली एक बाई तक्रार घेऊन आली, की बादली लावायच्या आतच नळ सुरू झाला.

तुमची सून


२३ मार्च

सूनबाई,

तुझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. या वेळी पेपरवालाही थांबला.

तू साहेबांना जे सांगितलंस ते उत्तम केलंस. 'शेवटचं मी शोधलं' हे मी पेन्सिलनं अधोरेखित केलंय. माझ्या हाताखाली पुष्कळ पोरं शिकून गेली. चांगली निघाली, पोटाला लागली. पण माझी चूक पकडून पुढचं स्वतः शोधणारं त्यांच्यात कोणी नव्हतं. तू तर माझ्या गॅरेजची पायरीही चढली नव्हतीस.

परवा एक गंमत झाली. खाली एक पावभट्टीवाला राहतो, पहाटे पाव वाटत फिरतो. त्याची मोटारसायकल फाटकात अडली. दोघं-तिघं भोवती उभे, कोणी इंजिन म्हणतंय, कोणी चेन म्हणतंय. मी सवयीनं आत यायला उठलो आणि तसाच जिना उतरून खाली गेलो. तुझ्या नणंदेला वाटलं मला भूल पडली.

पावभट्टीवाला तोंड हलवत होता, मला काही ऐकू येत नव्हतं. मी हातानंच म्हटलं, थांब. मागच्या ड्रमला तळवा लावला. तापलेला. त्याला वर बसवला, पायडल दाबून बघितलं, तुझ्या पद्धतीनं. तो बसला काय, उतरला काय, पायडलला काहीच फरक पडेना. तुझं दुखणं नव्हतं ते. मग पिन हलवून बघितली, पिन मोकळी. मग बोट पायडलच्या मुळाशी नेलं आणि तिथं सापडलं. गंजानं पायडलच खाली चिकटून राहत होतं, वर येतच नव्हतं. बोटांना ते लगेच कळलं, कान लागलेच नाहीत. तेल सोडलं, चार वेळा वर-खाली केलं, सुटलं. तो फाटकातून निघून गेला तेव्हा आवाज कसला झाला मला माहीत नाही, पण सगळे हसत होते.

संध्याकाळी तो पाव घेऊन वर आला, बरोबर त्याच्या भावाला घेऊन. भावाच्याही गाडीची काहीतरी तक्रार आहे. जावईबापूंनी कागदावर लिहून मला विचारलं, की हा विचारतोय, उस्ताद बघतील का?

मी त्या भावाला तोंडानं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. म्हटलं, सकाळी घेऊन ये, मी बघतो. आणि मला नाही सापडलं तर आमच्या सुनेला पत्र टाकू.

बाबा